चाल मोजणारे सेन्सर: दवाखान्यात न दिसणारं मुलाचं चालणं कसं कळतं?

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल ओपीडीत येतं, तेव्हा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट त्याला हमखास सांगतात, "जरा चालून दाखव." मूल खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं, वळतं, परत येतं. मागून आई सांगत असते, "टाच टेकव, खाली बघू नकोस." मूलही तेवढ्या दहा-पंधरा पावलांपुरतं सगळं लक्ष पायांकडे देतं. या अर्ध्या मिनिटात जे दिसतं, त्याच्या आधारावर बरंच काही ठरतं. स्प्लिंट बदलायचं का, इंजेक्शन द्यायचं का, शस्त्रक्रिया आत्ता करायची की दोन वर्षं थांबायचं.

हेच मूल शाळेच्या पायऱ्या चढताना, मधल्या सुट्टीतल्या गर्दीत किंवा संध्याकाळी दमल्यावर कसं चालतं, हे तपासणाऱ्याला दिसत नाही. पालक सांगतात त्यावर विश्वास ठेवावा लागतो. ही अडचण सोडवण्यासाठी पायाला किंवा कंबरेला बांधायच्या छोट्या मोशन सेन्सरचा वापर गेल्या काही वर्षांत वाढला आहे. काडेपेटीएवढी ही डबी दिवसभर मुलाबरोबर फिरते आणि प्रत्येक पावलाची नोंद ठेवते. युरोपात तर एका आजाराच्या औषध चाचण्यांमध्ये अशा नोंदी अधिकृत पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जातात.

पण सेन्सरने दिलेला आकडा आणि मुलाचं खरं चालणं यांच्यामध्ये बरंच गणित असतं. ते गणित निरोगी, प्रौढ माणसाच्या चालीवर बेतलेलं असेल, तर ज्या मुलांसाठी त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच बाबतीत ते चुकतं.

चाल इतकी बारकाईने मोजायची गरज काय?

सेरेब्रल पाल्सी हे लहान मुलांमधल्या हालचालींच्या अपंगत्वाचं सर्वात मोठं कारण आहे. जगभरात दर १,००० जिवंत जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांना हा त्रास असतो, असं अनेक वर्षं मानलं जातं. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लगेच मेंदूच्या वाढत्या भागाला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढतं. हाडं लांब होतात, पण ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. त्यामुळे पाच वर्षांचं असताना बरं चालणारं मूल बाराव्या वर्षी गुडघे वाकवून, ओढत चालू लागतं. मेंदूतली इजा तीच असते, चाल बदललेली असते.

आता चवड्यावर चालणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. टाच जमिनीला टेकत नाही, म्हणजे पोटरीचा स्नायू आखडलाय आणि टाचेमागचा टेंडन लांबवला की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण टाच वर राहण्याचं कारण गुडघ्यातही असू शकतं. गुडघा आणि कंबरेचा सांधा सतत वाकलेला असेल, तर घोटा अगदी काटकोनात असूनही टाच हवेतच राहते. उभं राहून गुडघे थोडे वाकवा आणि नडगीशी असलेला तळव्याचा काटकोन न बदलता चालून बघा, म्हणजे हे लगेच लक्षात येईल. अशा मुलाचा टेंडन लांबवला, तर पोटरीचा उरलासुरला आधारही जातो आणि मूल आणखी वाकून चालू लागतं. लांबवलेला टेंडन पुन्हा पहिल्यासारखा करता येत नाही.

पूर्वी अशा शस्त्रक्रिया एकेक करून होत. या वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढच्या वर्षी मांडी. टोरंटोचे बालअस्थिरोगतज्ज्ञ मर्सर रँग यांनी या प्रकाराला 'बर्थडे सिंड्रोम' असं नाव दिलं होतं, कारण मुलाचा जवळपास प्रत्येक वाढदिवस हॉस्पिटलमध्ये जायचा. आता शक्य तिथे सगळ्या दुरुस्त्या एकाच वेळी करण्याकडे कल आहे. मात्र एकाच वेळी सगळं करायचं, तर नेमकं काय आणि किती बिघडलंय हे आधी कळावं लागतं. त्यासाठी नुसती नजर पुरत नाही. चालताना कंबर, गुडघा आणि घोटा हे तीन सांधे तीन दिशांनी हलत असतात आणि एक पाऊल सेकंदापेक्षा कमी वेळात संपतं.

गेट लॅबमध्ये काय होतं?

चाल मोजण्याची आजही सर्वात भरवशाची जागा म्हणजे गेट लॅब. मुलाच्या पायांवर आणि कंबरेवर ठरावीक जागी चमकदार छोटे गोळे चिकटवले जातात. भोवती लावलेले इन्फ्रारेड कॅमेरे या गोळ्यांची जागा मिलिमीटरच्या हिशेबात टिपतात. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट पाय किती जोराने आणि कोणत्या दिशेने टेकतो ते मोजतात. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावले, तर कोणता स्नायू नेमका कधी आवळला जातो तेही कळतं. या सगळ्यातून प्रत्येक सांध्याचा आलेख तयार होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या गिलेट चिल्ड्रन्स हॉस्पिटलचे जेम्स गेज यांच्यासारख्या सर्जननी अशा आलेखांच्या आधारे शस्त्रक्रिया ठरवण्याची पद्धत रुजवली.

मर्यादा उघड आहेत. मोठी खोली, महागडी यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं लागतात. तयारीतच तास-दीड तास जातो, आणि चवथ्या गोळ्याला कंटाळलेलं पाच वर्षांचं मूल आपण होऊन तो काढूनही टाकतं. एवढं करून हाती येतात सपाट, मोकळ्या जमिनीवरची मोजकी पावलं.

गंमत म्हणजे चाल मोजण्याचं यंत्र अंगावर घालायची कल्पना या कॅमेऱ्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८७०च्या दशकातच बुटांच्या तळव्यात हवेच्या पोकळ्या बसवल्या होत्या. पाय टेकला की हवा दाबली जायची आणि रबरी नळीतून तो दाब चालणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्रापर्यंत पोहोचायचा. दीडशे वर्षांत तत्त्व बरंचसं तेच राहिलं. यंत्र मात्र नखाएवढ्या चिपमध्ये मावू लागलं.

सेन्सरच्या डबीत असतं काय?

या डबीला इनर्शियल मेजरमेंट युनिट, थोडक्यात आयएमयू म्हणतात. त्यात सहसा तीन उपकरणं असतात. ॲक्सेलरोमीटर वेगात होणारा बदल मोजतो. जायरोस्कोप कोणत्या दिशेने किती वेगाने वळणं झालं ते मोजतो. मॅग्नेटोमीटर होकायंत्रासारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा सांगतो. चिपवरचे असे ॲक्सेलरोमीटर १९९०च्या दशकात गाड्यांच्या एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, मग गेमिंगच्या रिमोटमध्ये आणि मोबाईलमध्ये आले. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते, ती याच जातीच्या सेन्सरमुळे.

चालीच्या अभ्यासात हे सेन्सर सेकंदाला साधारण १०० वेळा नोंद घेतात. अडचण अशी, की यातला एकही सेन्सर पावलाची लांबी थेट मोजत नाही. ॲक्सेलरोमीटर फक्त त्वरण देतो. त्यावरून गणिताने वेग काढायचा आणि वेगावरून अंतर. या दोन पायऱ्यांत छोटीशी चूक भराभर फुगते. समजा, सेन्सर दर सेकंदाच्या वर्गाला ०.०१ मीटर एवढंच जास्तीचं त्वरण दाखवतोय. ही चूक गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढी आहे. तरीही एका मिनिटानंतर अंतरात १८ मीटरचा फरक पडलेला असतो. म्हणजे मूल एका जागी उभं असताना सेन्सरच्या मते ते वर्ग ओलांडून मैदानात पोहोचलेलं असतं.

यावर शोधलेली युक्ती साधी आहे. चालताना प्रत्येक पाऊल क्षणभर जमिनीवर पूर्ण स्थिर असतं. त्या क्षणी पायाचा वेग शून्य असणारच. सॉफ्टवेअर तो क्षण ओळखतं आणि तोवर साचलेली चूक पुसून पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. पावलागणिक हिशेब नव्याने सुरू झाल्यामुळे चूक फुगायला वेळच मिळत नाही. पाऊल किती लांब, किती वेळ टेकलं, किती वेळ हवेत होतं, डाव्या-उजव्यात फरक किती, हे सगळं या पद्धतीने बऱ्यापैकी अचूक मिळतं.

मग मुलांच्या बाबतीत हे गणित का फसतं?

कारण ही युक्ती 'पाऊल पूर्ण टेकतं' या गृहीतकावर उभी आहे.

चवड्यावर चालणाऱ्या मुलाचा तळवा सपाट टेकतच नाही. टाच जमिनीवर आपटल्याचा जो ठसठशीत झटका सॉफ्टवेअर शोधत असतं, तो येत नाही. पाय ओढत चालणाऱ्या मुलाचं पाऊल हवेत नीट उचललं जात नाही, त्यामुळे टेकणं कधी संपलं आणि उचलणं कधी सुरू झालं याची सीमारेषाच पुसट असते. गुडघे एकमेकांवर घासत, कात्रीसारखे पाय टाकणाऱ्या मुलाचा पाय पुढे जाण्याऐवजी आडवा फिरतो. प्रौढांवर तयार केलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी पावलं गाळतं किंवा एका पावलाची दोन करतं. त्यातही धोका असा, की आकडा कोराच दिसतो असं नाही. चुकीचा आकडाही दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो.

जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१८मध्ये 'सेन्सर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुलं आणि इतर ११ मुलं घेतली. सेन्सर तीन प्रकारे बांधून पाहिले. एकदा नडगी आणि मांडीवर, एकदा फक्त नडगीवर, एकदा पावलांवर. सोबत गेट लॅबच्या कॅमेऱ्यांनी पडताळणी केली. इतर मुलांमध्ये आणि सौम्य त्रास असलेल्या मुलांमध्ये तिन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. त्रास जास्त असलेल्या मुलांमध्ये मात्र नडगी आणि मांडीवरचे सेन्सर अधिक भरवशाचे निघाले. म्हणजे सेन्सर कुठे बांधायचा याचं एकच उत्तर नाही, ते मुलागणिक बदलतं.

इथे 'सौम्य' आणि 'जास्त' हे शब्द मोघम नाहीत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १९९७मध्ये जीएमएफसीएस नावाची पाच पायऱ्यांची वर्गवारी मांडली. पहिल्या पायरीवरची मुलं आधाराशिवाय चालतात, जिने चढतात. दुसऱ्या पायरीवर चालता येतं, पण लांब अंतर किंवा खडबडीत जमीन जड जाते. तिसरीत हातात धरायचं वॉकर किंवा कुबड्या लागतात. चौथ्या आणि पाचव्या पायरीवर व्हीलचेअरची गरज वाढत जाते. पालकांच्या हातातल्या फाइलवर हा आकडा बहुतेकदा लिहिलेला असतो. सेन्सरबद्दलचा कोणताही दावा ऐकताना तो कितव्या पायरीवरच्या मुलांवर तपासला आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा.

वॉकर घेऊन चालणाऱ्या मुलाला मनगटावरचा फिटनेस बँड घातला, तर काय होईल याचा विचार करा. बँड हाताच्या झुलण्यावरून पावलं मोजतो. इथे दोन्ही हात वॉकरच्या दांड्यावर घट्ट असतात. मूल अख्खी शाळा फिरून आलं, तरी बँडच्या मते ते बसूनच होतं. हळू चालणाऱ्यांची पावलंही असे बँड कमी मोजतात. शिवाय वॉकर आणि व्हीलचेअर लोखंडाच्या असतील, तर जवळच्या मॅग्नेटोमीटरला दिशाभूल व्हायला तेवढं पुरतं.

आपल्याकडच्या घरांचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत. बुटाच्या तळव्यात बसवायचे सेन्सर पाश्चिमात्य देशांत सोयीचे वाटतात, पण आपल्याकडे चपला-बूट दाराबाहेर राहतात. मूल घरात अनवाणी असतं, म्हणजे त्याच्या दिवसाचा मोठा भाग बुटातल्या सेन्सरला दिसणारच नाही. स्प्लिंट घालून आणि स्प्लिंटशिवाय अशा दोन वेगळ्या चाली असतात, त्या नोंदींत एकत्र झाल्या की सरासरीला अर्थ उरत नाही. आणि दोन खोल्यांच्या घरात सलग दहा पावलं सरळ टाकायला जागा असतेच कुठे? बरीच सॉफ्टवेअर फार थोड्या पावलांचं चालणं हिशेबातूनच वगळतात. मूल मात्र पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत असंच चालत असतं.

भरीस भर म्हणजे मुलं वाढतात. सहा महिन्यांत पावलाची लांबी वाढली, ती थेरपीमुळे की उंची वाढल्यामुळे? म्हणून वेग आणि पावलाची लांबी पायाच्या लांबीच्या प्रमाणात मांडावी लागते. हे न करता दाखवलेली 'सुधारणा' कदाचित फक्त वाढलेली उंची असू शकते.

'चालू शकतो' आणि 'चालतो' यात फरक काय?

एवढे घोळ असूनही संशोधक सेन्सर सोडायला तयार नाहीत, याचं कारण या प्रश्नात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये अपंगत्वाकडे बघण्याची जी चौकट मांडली, तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. नियंत्रित वातावरणात व्यक्ती काय करू शकते, ही क्षमता. तिच्या नेहमीच्या जगात ती प्रत्यक्षात काय करते, हा तिचा रोजचा व्यवहार. गेट लॅब फक्त पहिली गोष्ट मोजते.

हा फरक पुस्तकी नाही. एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया होते, वर्षभराने लॅबमध्ये गुडघा पूर्वीपेक्षा सरळ दिसतो, आलेख सुधारतो. पण ते मूल आता शाळेत जास्त चालतं का? मित्रांबरोबर मैदानात उतरतं का? आलेख सुधारून आयुष्य तसंच राहणं शक्य आहे. उलटही शक्य आहे. चाल वेडीवाकडीच राहिली, पण दम कमी लागू लागल्यामुळे मूल बाजारापर्यंत चालत जाऊ लागलं.

जिनिव्हातल्याच गटाने पुढे मुलांची लॅबमधली चाल आणि सेन्सरने टिपलेली रोजची चाल समोरासमोर ठेवली. दोन्हींतला फरक मुलागणिक वेगळा निघाला. म्हणजे लॅबमधल्या आकड्यातून ठरावीक टक्के वजा केले की रोजचं चालणं कळेल, असा सोपा हिशेब नाही. तपासणीच्या खोलीत नीट चालणारं मूल बाहेर कसं चालत असेल, याचा अंदाज फक्त त्या खोलीवरून बांधता येत नाही.

ड्युशेनच्या मुलांसाठी निवडलेला एक आकडा

सेन्सरच्या वापराचं आतापर्यंतचं सर्वात ठोस उदाहरण सेरेब्रल पाल्सीचं नाही, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं आहे. हा जनुकीय आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो, दर ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नसल्यामुळे स्नायू हळूहळू झिजत जातात. उपचार नसतील, तर साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं.

या आजारावर औषध शोधताना मोठा पेच असतो तो औषध लागू पडतंय हे सिद्ध कसं करायचं याचा. अनेक वर्षं त्यासाठी सहा मिनिटांत मूल किती मीटर चालतं ते मोजलं जायचं. पण सहा वर्षांच्या मुलाला सहा मिनिटं एका बोळात येरझाऱ्या घालायला सांगितल्या, तर तो आकडा स्नायूंचा असतो की त्याच्या त्या दिवशीच्या मूडचा? सकाळी प्रवास करून दमलेलं मूल ४० मीटर कमी चाललं, तर औषध फसलं म्हणायचं का?

पॅरिसची इन्स्टिट्यूट ऑफ मायोलॉजी आणि सिसनॅव्ह ही फ्रेंच कंपनी यांच्या कामातून यावर वेगळा मार्ग निघाला. घोट्याला बांधलेला सेन्सर मुलाचं रोजचं चालणं टिपतो. साधारण १८० तासांच्या नोंदी, म्हणजे रोज सहा तास धरले तर महिनाभराच्या, एकत्र केल्या जातात. प्रत्येक स्ट्राइडचा, म्हणजे एकच पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतच्या अंतराचा, वेग काढला जातो. मग सरासरी न घेता सर्वात वेगवान ५ टक्के स्ट्राइड जिथून सुरू होतात, तो वेग घेतला जातो. त्याला 'एसव्ही९५सी' असं नाव आहे.

सरासरी का नाही, यात या कल्पनेची खरी हुशारी आहे. सरासरी वेग आणि एकूण पावलं यांवर शाळेचं वेळापत्रक, मे महिन्याची सुट्टी, पावसाची झड, घरी आलेले पाहुणे अशा सगळ्याचा परिणाम होतो. स्नायूंशी त्याचा संबंध नसतो. पण महिनाभरात मूल कधी ना कधी चेंडूमागे पळतं, बस सुटू नये म्हणून घाई करतं, भावाला पकडायला धावतं. त्या क्षणी ते आपलं सगळं बळ लावतं आणि कुणीही त्याला तसं सांगितलेलं नसतं. तो कमाल वेग महिन्यागणिक उतरत गेला, तर ते स्नायूंचंच काम.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९मध्ये चालू शकणाऱ्या ड्युशेनच्या रुग्णांच्या चाचण्यांत हा आकडा दुय्यम निकष म्हणून मान्य केला आणि २०२३मध्ये मुख्य निकष म्हणून. अंगावरच्या सेन्सरमधून, रुग्णाच्या रोजच्या आयुष्यात मोजलेल्या आकड्याला अशी मान्यता मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

हाच आकडा उचलून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना लावता येईल का? सरसकट नाही. ड्युशेनमध्ये ताकद घटते आणि वेग त्याबरोबर घटतो, असा सरळ संबंध आहे. सेरेब्रल पाल्सीत तोल, ताठरपणा, सांध्यांची ठेवण असं बरंच काही एकत्र असतं. पडायची भीती हाही एक भाग असतो. तिथे कमाल वेगापेक्षा दोन पायांतला फरक किंवा दिवस उतरताना बिघडत जाणारी चाल जास्त सांगून जाऊ शकते.

सेन्सर आले की गेट लॅब नको?

शस्त्रक्रियेच्या निर्णयासाठी अजून तरी लॅबला पर्याय नाही. सेन्सर हालचाल मोजतो, बल थेट मोजत नाही. गुडघ्यावर येणारा भार फोर्स प्लेटशिवाय नेमका सांगता येत नाही. मांडीचं हाड आतल्या बाजूला किती पिळलेलं आहे, पाऊल किती आत वळतं, अशा फिरत्या हालचालींत सेन्सर कच्चे पडतात. पट्टा थोडा सरकला, तरी कोन बदलतो, आणि मुलांच्या पायावर पट्टा सरकतोच.

सेन्सर उपयोगी पडतात ते दोन तपासण्यांच्या मधल्या काळात. बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. तो रोजच्या चालण्यात दिसला का, आणि केव्हा ओसरू लागला, हे वर्षातून एकदा होणाऱ्या लॅब तपासणीत कळणं कठीण. तसंच नव्या स्प्लिंटचं. मूल ते घालून खरंच जास्त चालतं की कोपऱ्यात काढून ठेवतं, हे सेन्सरला चटकन कळतं.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

बालकांच्या तपासणीची सरकारी व्यवस्था आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरमधून झाली. अंगणवाडी आणि शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये पाठवायचं, अशी ही रचना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही आहेत. गेट लॅब मात्र मोठ्या शहरांपलीकडे सहसा नसतात. दुर्गम पाड्यावरून जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत यायलाच कुटुंबाची एक दिवसाची मजुरी जाते, तिथे मुंबईच्या फेऱ्या किती होणार? काही सेन्सर आणि एक लॅपटॉप जिल्ह्यापर्यंत पोहोचवणं त्या मानाने शक्य कोटीतलं आहे. फक्त ते सेन्सर अनवाणी, स्प्लिंट घालून, वॉकर धरून चालणाऱ्या इथल्या मुलांवर आधी तपासलेले हवेत.

खासगीपणाचा मुद्दाही आहे. दिवसभर पायाला बांधलेला सेन्सर मूल कधी झोपतं, कधी उठतं, किती वेळ बसून असतं हेही सांगतो. त्यात जीपीएस असेल, तर कुठे जातं हेही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावरही या कायद्यात निर्बंध आहेत, सरकारने ठरवलेले अपवाद सोडून. डेटा कुठे साठवला जाणार, कंपनी तो पुढे कशासाठी वापरणार आणि संमती मागे घेतली तर तो पुसला जाणार का, हे पट्टा बांधण्याआधी विचारता येतं.

सेन्सर मिळेपर्यंत काय करता येईल?

मोबाईलवरचा व्हिडिओ. हे सुचवणं अगदीच साधं वाटेल, पण एडिनबरामध्ये तयार झालेली आणि २००३मध्ये प्रसिद्ध झालेली एक गुणांकन पद्धत साध्या व्हिडिओवरच चालते. तिच्यात प्रत्येक पायाच्या १७ बाबी पाहून गुण दिले जातात, आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ती बरीच वापरली जाते.

व्हिडिओ उपयोगी पडायचा असेल, तर मोबाईल हातात घेऊन मुलामागे धावू नये. तो मुलाच्या कंबरेच्या उंचीवर एका जागी ठेवावा. एकदा समोरून आणि एकदा बाजूने, मूल दोन्ही दिशांनी चालताना घ्यावं. हाफ पँट असावी, म्हणजे गुडघे दिसतील. स्प्लिंट घालून आणि न घालता असे वेगवेगळे व्हिडिओ घ्यावेत. शक्य असेल तर स्लो मोशनमध्ये, आणि दर तीन-चार महिन्यांनी त्याच जागी. एखादा व्हिडिओ संध्याकाळी, दमल्यावरचाही असावा, आणि तो काढताना मागून कुणी "टाच टेकव" म्हणू नये.